मिरजेतला 'नेपाळी': एका अफगाण कारागिराची फाइल

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्याला सगळे 'नेपाळी' म्हणायचे. बारीक डोळे, वर आलेली गालफडं, बोलणं जेवढ्यास तेवढं. सकाळी कारखाना उघडायचा, पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात हलवायचे, दुपारी पॉलिशपेपर घेऊन तंबोऱ्याच्या दांडीला बसायचं. गल्लीला एवढंच ठाऊक. चहाच्या टपरीवर कुणी "काय रे, काठमांडूला पाऊस हाय का?" असं विचारलं की तो हसून मान हलवायचा. खोटं बोलायचा नाही, खरंही सांगायचा नाही.

तो बामियानचा. जमातीनं हजारा, पंथानं शिया, देश अफगाणिस्तान. ही त्याच्या फाइलीची गोष्ट आहे. तो कोण हे कळू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि दोन अशिलांचे प्रसंग एकत्र केलेत. कायदा आणि माझी चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

मी सांगलीला वकिली करतो. विजयनगरच्या कोर्टात माझी बहुतेक कामं बांधाची, वाटपाची, नाहीतर पतसंस्थेच्या वसुलीची. परकीय नागरिकांचा कायदा मी परीक्षेपुरता वाचला होता आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते, ते माझ्याकडे आले ते त्यांच्या भावकीच्या जागेचा दावा माझ्याकडे होता म्हणून. नोटिशीचा कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "वकीलसाब, ह्ये जरा बगा. पोराला हाकलाय लागलेत."

फाइल कशी तयार झाली

ऑगस्ट २०१९ मध्ये तो भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती घेऊन पुण्यात शिकायला आला. विद्यार्थी व्हिसा, नोंदणी, सगळं रीतसर. १५ ऑगस्ट २०२१ ला आपल्याकडे झेंडावंदन झालं आणि संध्याकाळपर्यंत काबूल तालिबानच्या हाती गेलं. शिष्यवृत्तीवर त्यानं आणखी वर्ष काढलं. २०२२ ला पदवी झाली. एका मित्राचा तंबोरा दुरुस्तीला द्यायला म्हणून तो मिरजेला आला, तो इथेच राहिला.

राहण्याचं कारण त्याच्या पिशवीत होतं. दंबुरा हे हजारा लोकांचं वाद्य. दोन तारा, पडदे नाहीत, तुतीच्या नाहीतर जर्दाळूच्या लाकडाचं पोट. चाचांनी पहिल्या दिवशी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, पोटावर टिचकी मारली आणि म्हणाले, "दंबुरा, तंबोरा. ह्ये तर आमच्याच खानदानातलं." मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम आटलं तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शिकलगाराचा सतारमेकर होतो, तर बामियानचा का होऊ नये, असं चाचांचं साधं गणित.

सरकारी पोर्टलला हे गणित कळत नाही. विद्यार्थी व्हिसा वाढवायचा तर शिक्षणसंस्थेचा दाखला लागतो, आणि कारखाना म्हणजे संस्था नव्हे. जून २०२३ ला व्हिसा संपला. तो गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीला गेला आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नाव नोंदवून आला. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांचं भारत सरकार स्वतः बघतं. अफगाण, म्यानमारचे वगैरे लोक या कार्यालयाकडे जातात. तिथून त्याला 'दावा विचाराधीन आहे' असा कागद मिळाला. पोलिसांवर तो बंधनकारक नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीतला जुन्या अफगाण सरकारचा दूतावास कायमचा बंद झाला. फेब्रुवारी २०२४ ला त्याचा पासपोर्ट संपला.

यात त्यानं कुठेही चोरून सीमा ओलांडलेली नाही. तो जागेवरच बसून होता आणि त्याच्या पायाखालचे कागद एकेक करून निघून गेले. आंतरराष्ट्रीय कायद्याला हा प्रकार ओळखीचा आहे. घरातून निघताना माणूस निर्वासित नसतो, मागे घर बदलतं आणि तो असतो तिथेच निर्वासित होतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात परकीय नागरिकांच्या कागदपत्रांची देशभर तपासणी सुरू झाली. त्या धामधुमीत काय काय झालं हे वाचकांना आठवत असेल. महाराष्ट्रातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर जूनमध्ये थेट बांगलादेशच्या हद्दीत ढकलले गेले आणि भारतीयच निघाल्यावर त्यांना परत आणावं लागलं. मिरजेत तसलं काही झालं नाही. एक हवालदार गल्लीत आला, भाडेकरूंचे कागद बघितले, आणि 'नेपाळी' नेपाळी नसल्याचं गल्लीला पहिल्यांदा कळलं. चार दिवसांनी नोटीस आली: व्हिसा नाही, पासपोर्ट मुदतबाह्य, तुम्हाला देशाबाहेर का पाठवू नये याचा खुलासा सात दिवसांत करा.

माझी चूक

संबंधित अधिकारी माणूस म्हणून सरळ होते. पहिल्याच भेटीत म्हणाले, "वकीलसाहेब, पोरगं गुणाचं हाय, मला मान्य. पन मी गुण बघून अहवाल लिहीत न्हाई. व्हिसा न्हाई, पासपोर्ट न्हाई. सांगा, काय लिहू?"

मी ऐकलं आणि तरीही पाच पानं गुणच लिहून नेले. गल्लीतल्या बावीस लोकांच्या सह्या, भौगोलिक मानांकन, कारागिरी टिकली पाहिजे, मुलगा मिरवणुकीत पाणी वाटतो, वगैरे. मागणी काय, तर मुदतवाढ. आणि शेवटी माझ्या हुशारीचं एक वाक्य: अर्जदार तीस दिवसांत मुंबईच्या अफगाण वाणिज्य दूतावासातून पासपोर्ट नवा करून आणेल.

त्याला फोन करून सांगितलं, "मुंबईला जाऊन ये, तेवढं काम झालं की निम्मी फाइल सुटली." तो "जी" म्हणाला. त्या 'जी'मध्ये काय होतं ते मला ऐकू आलं नाही.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं तो गेला आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परत आला. सकाळी माझ्या ऑफिसात येऊन त्यानं घडी घातलेला एक फॉर्म टेबलावर ठेवला. कोरा. "दरवाजे तक गया था," म्हणाला. "यहाँ बाप का नाम, गाँव, और मैं कहाँ रहता हूँ, सब लिखना है."

मुंबईच्या त्या कार्यालयात नोव्हेंबर २०२४ पासून तालिबाननं नेमलेला माणूस प्रभारी म्हणून बसतो. बातमी मी तेव्हा वाचली होती. वाचली आणि पान उलटलं. ज्यांच्या भीतीनं हा पोरगा परत जात नव्हता, त्यांनाच मी त्याच्या बापाचा आणि त्याचा पत्ता लिहून द्यायला पाठवलं होतं.

त्या रात्री १९५१ चा निर्वासित करार नीट वाचायला बसलो. त्याच्या पहिल्याच कलमात आहे: जो माणूस आपणहून मायदेशाच्या सरकारचं संरक्षण पुन्हा घेतो, त्याचा निर्वासित दर्जा संपतो. पासपोर्ट नवा करून घेणं हा त्याचा नेहमीचा पुरावा मानतात. म्हणजे त्यानं माझं ऐकून फॉर्म भरला असता तर पासपोर्ट मिळाला असता आणि दावा गेला असता. त्याला कायदा माहीत नव्हता, मला माहीत असायला हवा होता. दारातून परत फिरण्याची अक्कल त्याची.

आणि पाच पानांत जे नव्हतं ते तेव्हा दिसलं. 'तो परत जायला घाबरतो' हे वाक्यच कुठे नव्हतं. आम्ही कुणी त्याला विचारलंच नव्हतं. मी नाही, हवालदारानं नाही, चाचांनी तर नाहीच. चाचा म्हणाले, "उसके घर का पूछके क्या रुलाना?" हा त्यांचा चांगुलपणा. पण अशा प्रकरणात सगळा कायदा त्या एका प्रश्नावर उभा असतो.

पहिला अर्ज मागे घेतला. दुसरा दीड पानाचा.

भीतीचा जबाब

केंद्रीय गृहमंत्रालयाची एक कार्यपद्धती आहे, २९ डिसेंबर २०११ ची, मार्च २०१९ मध्ये सुधारलेली. 'मी निर्वासित आहे' असं सांगणाऱ्या परकीय माणसाचं काय करायचं हे तीत लिहिलंय. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांवरून छळ होईल अशी साधार भीती सकृतदर्शनी दिसली, तर सुरक्षेची पडताळणी करून राज्यानं दावा केल्यापासून तीस दिवसांत दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस केंद्राकडे पाठवायची. जिल्ह्यात अशा नोंदी पोलिसांकडे असतात. ही कार्यपद्धती फारशी कुणी वापरत नाही, कारण ती सुरू होते ती माणसानं 'मी घाबरतो' असं म्हटल्यावर. म्हटलं नाही, तर तो नुसता व्हिसा संपलेला परदेशी.

रविवारी चाचांच्या माडीवर जबाब घ्यायला बसलो. त्याचं हिंदी चांगलं, दखनी मिरजेची, पण घरचं सांगायचं म्हटलं की त्याचे शब्द संपायचे. तीन तास लागले. मधे चाचींनी दोनदा चहा पाठवला, आणि तिसऱ्यांदा स्वतः वर येऊन कोपऱ्यात बसल्या त्या उठल्याच नाहीत.

बाप लग्नात दंबुरा वाजवायचा. तालिबानची पहिली राजवट १९९६ ते २००१. तेव्हा वाद्यावर बंदी, म्हणून बापानं दंबुरा गव्हाच्या कणगीत पुरून ठेवला. मार्च २००१ मध्ये बामियानचे बुद्ध सुरुंग लावून पाडले तेव्हा हा तान्हा होता, आवाजाची आठवण आईची. पुढे मिरजेहून एकदा चाचांच्या पोरांबरोबर कराडला जाऊन त्यानं आगाशिवची लेणी पाहिली. "हमारे यहाँ की बच्ची लगती है," असं म्हणाला होता म्हणे.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आलं आणि त्याच आठवड्यात बामियानमधला हजारा नेते अब्दुल अली मझारी यांचा पुतळा उडवला गेला. या पोराचं पुण्यातलं एक जुनं चित्रीकरण इंटरनेटवर होतं: हा दंबुरा वाजवतोय, शेजारी एक मुलगी गातेय, खाली नाव आणि गाव. त्या हिवाळ्यात चार माणसं बापाकडे आली आणि 'हिंदुस्थानात बाजा वाजवणारा मुलगा कधी येणार' असं विचारून गेली. पुन्हा एकदा आली. मग बापानं गाव सोडलं. चित्रीकरण काढून टाकलं, पण ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं होतं. जुलै २०२३ मध्ये हेरातला वाद्यांची होळी झाली, त्याचे फोटो जगानं बघितले.

३० सप्टेंबर २०२२ ला काबूलच्या दश्त-ए-बरची वस्तीत एका शिकवणीवर हल्ला झाला. पन्नासहून अधिक जीव गेले, बहुतेक हजारा मुली. त्याची मावसबहीण त्याच वस्तीत राहते. त्या दिवशी ती शिकवणीला गेली नव्हती. हे सांगताना तो कोरडाच होता, चाची मात्र पदर तोंडाला लावून बसल्या.

मी या गोष्टी वेगळ्या मांडल्या. बापाकडे आलेली माणसं ही त्याची स्वतःची भीती. शिकवणीवरचा हल्ला ही जमातीची. तो हल्ला सरकारनं केला असं मी म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती. धोका सरकारकडूनच असावा लागत नाही. सरकार वाचवू शकत नसेल किंवा वाचवू इच्छित नसेल, तेवढं पुरतं.

दुसऱ्या भेटीत अधिकाऱ्यांनी जबाब शेवटपर्यंत वाचला. मग नेमका तोच प्रश्न विचारला जो कुणीही विचारेल. "मारतीलच कशावरून? कोट्यवधी लोक राहत्यातच की तिथं."

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये एका प्रकरणात म्हटलं होतं की छळाची शक्यता दहात एक असली तरी भीती साधार ठरू शकते. पण सांगलीच्या माणसाला वॉशिंग्टन कशाला दाखवायचं? मी म्हटलं, "साहेब, आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर गेलं की तुम्ही लोकांना घराबाहेर काढता?"

"चाळीस इशारा, पंचेचाळीस धोका."

"आणि चाळीसला प्रत्येक वेळी घर बुडतं?"

ते हसले. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि ते बंदोबस्ताला होते. साधार भीती म्हणजे इशारा पातळी. घर बुडाल्याचा पंचनामा आणून दाखवा असं त्या पातळीला कुणी म्हणत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता, आणि तो ऑक्टोबरमध्ये आला. भारतानं काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला दूतावासाचा दर्जा दिला. "आता आपलेच संबंध सुधारले. मग धोका कसला?" दोन सरकारं एकमेकांशी बोलायला लागली म्हणून एका वाजंत्र्याची भीती कमी होत नाही, हे माझं उत्तर. पण खरं सांगायचं तर या उत्तराचं वजन फाइलीत किती पडेल याची मला खात्री वाटली नाही. मैत्री वाढली की परत पाठवणं सोपं होतं. जर्मनीनं ऑगस्ट २०२४ आणि जुलै २०२५ मध्ये अफगाणांना विमानात बसवून परत पाठवलं. पाकिस्तान आणि इराणमधून २०२५ या एकाच वर्षात वीस लाखांहून अधिक अफगाण परतले, आणि त्यातले किती स्वखुशीनं, हे त्या ट्रकांवरचे चेहरेच सांगत होते.

कायदा कुठे उभा आहे

भारतानं १९५१ चा करार आणि १९६७ चा पूरक करार यांवर सही केलेली नाही. त्यामुळे कराराचं ३३ वं कलम, ज्या देशात जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे माणसाला परत ढकलू नये, हे आपल्यावर थेट लागू होत नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, अनुसमर्थन अजून नाही. देशात निर्वासितांसाठी कायदा नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आप्रवास आणि परकीय नागरिकांचा नवा कायदा आला, त्यातही निर्वासित असा वेगळा दर्जा नाही. त्याच दिवशीच्या सूट आदेशानं अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळामुळे आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना कागद नसल्याबद्दलच्या शिक्षेतून वगळलं. हजारा शिया त्या यादीत नाही. तालिबानच्या लेखी तो पुरेसा मुसलमान नाही आणि आपल्या यादीच्या लेखी तो मुसलमानच.

न्यायालयाचे निकाल दोन्ही बाजूंना आहेत आणि ते लपवून प्रकरण उभं राहत नाही. १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परकीयाला घालवण्याचा सरकारचा अधिकार पूर्ण आणि अमर्याद असल्याचं म्हटलं. १९९१ मध्ये लुई डी रेट या बेल्जियन मिशनऱ्याला, जो १९३७ पासून इथे राहत होता, हाच दाखला देऊन दिलासा नाकारला. उलट १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात, सुमारे ६५,००० माणसांचा प्रश्न, कोर्ट म्हणालं की अनुच्छेद २१ मधला जिवाचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे आणि राज्यानं त्याचं रक्षण करायचं आहे. गुजरात उच्च न्यायालयानं १९९८ मध्ये दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात आणि मणिपूर उच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये म्यानमारमधून आलेल्या सात जणांच्या प्रकरणात एक पाऊल पुढे टाकलं: परत न ढकलण्याचं तत्त्व अनुच्छेद २१ मध्येच वाचता येतं. पण त्याच्या महिनाभर आधी, ८ एप्रिल २०२१ ला, जम्मूतल्या रोहिंग्यांच्या हद्दपारीला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती नाकारली होती. त्या आदेशातलं एक वाक्य मात्र माझ्या कामाचं: ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय त्यांना परत पाठवू नये.

अधिकाऱ्यांनी मला मे २०२५ मधली तोंडी टिप्पणीही ऐकवली. "सुप्रीम कोर्टच म्हनलं की, भारत काय धर्मशाळा न्हवं." म्हटलं होतं, श्रीलंकेच्या एका तमिळ माणसाच्या प्रकरणात. मी वाद घातला नाही. मी दिवाणी वकील आहे, माझ्याकडे दुसरी भाषा होती.

जमिनीच्या कामात प्रत्येक वकिलाला माहीत असलेली गोष्ट: एखादा माणूस तुमच्या रानात बेकायदा घुसला आणि स्थिर कब्जा करून बसला, तरी त्याला रात्री काठ्या घेऊन हुसकावता येत नाही. कोर्टातूनच काढावा लागतो. त्याचा हक्क आहे म्हणून नव्हे, काढण्याची रीत आहे म्हणून. मग व्हिसा संपलेल्या माणसाला किमान बांधावरच्या अतिक्रमणदाराइतकी तरी रीत मिळावी की नको? गृहमंत्रालयाची कार्यपद्धती हीच इथली रीत. ती सुरू करा, त्याचा दावा नोंदवा, पडताळणी करा, मग केंद्र नाही म्हणालं तर आपण कोर्टात भेटू. माझी मागणी एवढीच होती. 'त्याला राहू द्या' असं दुसऱ्या अर्जात कुठेही लिहिलेलं नाही.

चाचांचा प्रश्न राहिला होता. "माझ्यावर केस होईल का?" परकीय माणूस घरी ठेवला की त्याची ठरलेल्या फॉर्मवर चोवीस तासांत खबर द्यायची असते. चाचांनी दोन वर्षं दिली नव्हती. मी त्यांना खोटा धीर दिला नाही. होऊ शकते म्हणालो, आणि फॉर्म उशिरानं, उशिराचं कारण लिहून भरायला लावला. त्या दिवशी ते माझ्याशी फार बोलले नाहीत.

वळिवड्यावरून

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. पूर्वी असल्या कामाला रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची, आता मिरजेहून तासाभराची पॅसेंजर. ऐन वेळी त्याला उचललं तर स्थगिती मागायला रिट याचिका तयार ठेवली होती. कोल्हापूरच्या वकिलाला ती दाखवायला आम्ही दोघं गेलो.

गाडी वळिवड्याला थांबते. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातात, ते हेच ठिकाण. तिथे १९४३ ते १९४८ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. पाचगणीतही काही पोलिश मुलं हवेसाठी ठेवलेली होती. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतले सिंधी आले. दक्षिण महाराष्ट्रात ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते आणि सांगावी अशीच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली तेव्हा तर घरोघरी.

पण आपण तिचा अर्धाच भाग सांगतो. घेतलं, खाऊ घातलं, शाळा काढल्या. युद्ध संपल्यावर काय झालं? या लोकांना १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून सैबेरियात नेलं होतं. याल्टाच्या परिषदेनंतर त्यांची गावंच सोव्हिएत संघात गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली. म्हणजे कागदावर युद्ध संपलं, देश आहे, सरकार आहे, संबंध आहेत. परत पाठवायला सगळं तयार. तरी बहुतेकांनी जायला नकार दिला. आणि १२ फेब्रुवारी १९४६ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं ठराव केला की ज्यांनी सगळी परिस्थिती समजून, मोकळेपणानं, सयुक्तिक हरकत घेतली आहे त्यांना परत जायला भाग पाडू नये. वळिवड्याचे बरेचजण पुढे इंग्लंडला गेले, काही ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला. वळिवडं मोठं झालं ते भाकरीनं, आणि तेवढंच 'जायचं नाही' हा नकार नोंदवून घेतला गेला म्हणून.

हे मी त्याला गाडीत सांगत होतो. त्यानं खिडकीतून स्टेशनाची पाटी वाचली. देवनागरी त्याला येते. मग विचारलं, "उन लोगों से किसी ने पूछा था?"

आज फाइल कुठे आहे

त्याचा दावा नोंदवला गेला. 'अर्जदार छळाच्या भीतीने परत जाण्यास नकार देतो' असं वाक्य आवक क्रमांकासह सरकारी कागदावर आहे, त्याची शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. सप्टेंबरात फाइल राज्याच्या गृह विभागाकडे गेली. तीस दिवस कधीच उलटले. दोन स्मरणपत्रं गेली, उत्तर नाही. नकारही नाही. याचिका अजून माझ्या कपाटात आहे, दाखल केलेली नाही. केली तर स्थगिती मिळेल की १९५५ चा दाखला वाचून दाखवला जाईल, याबद्दल कोल्हापूरच्या वकिलाचं आणि माझं एकमत नाही. ते म्हणतात, झोपलेल्या फाइलीला जागं करू नका. मला ते पटत नाही, पण अशिलाला पटतं.

व्हिसा नसल्यानं बँकेत खातं नाही, सिमकार्ड नाही, रीतसर पगार नाही. चाचा त्याला जेवण आणि जागा देतात आणि बाकी काय देतात ते मी विचारत नाही. सध्या तो जवारी शिकतोय. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा केसभर सरकवायचा, तार बोलायला लागेपर्यंत. चाचा म्हणतात याला अजून पाच वर्षं लागतील.

दर सोमवारी त्याला हजेरी द्यायला जावं लागतं. कारखान्याची सुट्टी पूर्वी शुक्रवारी असायची. आता सोमवारी असते.